गंजकाका आणि तांब्यावरचं गाव

गंजकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवत, ते बोट नाकाशी नेत आणि म्हणत, "चाललंय खाणं." नव्या माणसाला वाटे, यांना स्वयंपाकघरातून वास आला. जुन्यांना ठाऊक होतं की खाणारा गंज आहे आणि खाल्लं जातंय ते आपलं दार.

त्यांची नोकरीच ती होती. सौदीतलं, तांबड्या समुद्राकाठचं यान्बू, तिथले कारखाने, आणि त्यांच्या मैलोन्‌मैल पाइपांना चाटत बसलेली खारी हवा. कुठला पाइप आतून किती पोखरला गेलाय हे शोधायचं आमचं खातं. काका त्यातले सर्वांत जुने इंजिनियर, मी सर्वांत नवा. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. एकट्या पुरुषांसाठीच्या एकाच इमारतीत आम्ही राहत होतो. ऑफिसात ते 'सर', पाठीमागे 'गंजकाका' आणि जेवणाच्या ताटावर नुसते 'काका'.

त्यांच्या खिडकीत काचेच्या बरण्यांची रांग होती. प्रत्येकीत पाणी आणि पाण्यात एक खिळा. एकीत समुद्राचं पाणी, एकीत नळाचं, एकीत एसीतून ठिबकणारं, एकीत पावसाचं. हे शेवटचं मिळायला त्यांना फार थांबावं लागलं होतं. रोज सकाळी ते खिळ्यांची तब्येत बघत आणि बरणीवरच्या चिठ्ठीत मोडीसारख्या अक्षरात काहीतरी लिहीत. इमारतीचा राखणदार येमेनचा म्हातारा होता. त्यानं एकदा उघड्या दारातून ती रांग पाहिली आणि जागच्या जागी थिजला. पाणी, खिळे, अनोळखी लिपीतल्या चिठ्ठ्या. जादूटोण्याचा संशय त्या देशात थट्टेवारी नेण्यासारखा नसतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा सौदी अधिकारी हजर झाला. आम्ही सगळे जिन्यात श्वास रोखून उभे. काकांनी त्याला खुर्ची दिली, एकेक खिळा चिमट्यानं बाहेर काढून दाखवला, कुठलं पाणी लोखंडाला कसं खातं ते समजावलं. शेवटी अधिकारी उठला आणि गंभीरपणे म्हणाला, "मग मी माझी गाडी कुठल्या पाण्यानं धुऊ?"

सणावारी आम्ही पाच-सहा मराठी माणसं जमायचो. काका यायचे, मन लावून जेवायचे आणि पत्ते निघाले की उठायचे. वर्षाची सुट्टी मिळाली की पुण्याला जायचे आणि सुट्टी संपायच्या आतच परत यायचे. "लवकर आलात?" कुणी विचारलं, तर "काम होतं" म्हणायचे. काम काहीच नसायचं, हे खात्यातल्या मला माहीत होतं. बायको पुण्यात शाळेत गणित शिकवते, मूलबाळ नाही, यापलीकडे त्यांच्या घराबद्दल आम्हांला काही कळलं नव्हतं.

त्यांच्या भिंतीवर मात्र एक चित्र होतं. दोन तळहात शेजारी ठेवले तर मावेल एवढं, काळ्या शाईचं, कागद पिवळट तपकिरी पडलेला. पुढे दोन मोठी झाडं, त्यातलं एक अर्धं मोडलेलं. झाडांपासून वळत गेलेला रस्ता, पडक्या कमानीखालून वाहणारी नदी, लांबवर मनोरा असलेलं गाव. रस्त्यावर दोन वाटसरू पाठमोरे चाललेले, त्यांतल्या एकाच्या हातात काठी. आभाळात तीन पक्षी.

ते चित्र त्यांना जेद्द्याच्या बलदमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात, मिळालं होतं. देश सोडून जाणाऱ्या परदेशी लोकांचं सामान विकणारं तिथल्या एका बोळातलं दुकान श्रीवर्धनकडच्या एका चाचांचं होतं. काका शिरले होते ते जुनी कुलपं बघायला. कोपऱ्यात ही फ्रेम दिसली. तिच्या खिळ्यांचा गंज कागदात उतरला होता.

"साहेब, तो सडलाय," चाचा म्हणाले. "दुसरा दावतो, मक्केचा फोटू हाय, ताजमहाल हाय."

"मला हाच हवाय. अजून थोडे दिवस राहिला तर गंज झाडापर्यंत पोचेल."

म्हणजे काकांनी चित्र विकत घेतलं नव्हतं, त्यांनी ते गंजाच्या तावडीतून सोडवलं होतं. खोलीवर आणून खिळे काढले, फ्रेम फेकली, आणि मग कुठे त्यांनी चित्राकडे पाहिलं. खालच्या पट्टीत काही अक्षरं होती, पण त्यांतली बरीचशी कसरीनं खाल्लेली. आमच्या कारखान्यात ठेकेदाराकडे एक इटालियन इंजिनियर होता. त्यानं भिंगातून पाहून सांगितलं, "'यानं केलं' एवढंच उरलंय. कुणी, ते नाव गेलं." त्याची बहीण तिकडे चित्रकला शिकवायची. तिनं फोटो पाहून कळवलं की चित्र अठराव्या शतकातलं, व्हेनिसच्या बाजूचं दिसतंय. अशी चित्रं तेव्हा पुष्कळांनी केली, त्यामुळे कर्ता सांगता येणार नाही.

कर्ता गेल्याचं काकांना वाईट वाटलं नाही. त्यांना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे चित्र हातानं कागदावर काढलेलं नव्हतं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं ओरखडून चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण गेलं तिथे आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. मला पहिल्यांदा हे सांगताना काकांचा आवाज चढला होता.

"अरे, तो आपल्या खात्यातला! आपण खाणं थांबवतो, तो करवून घ्यायचा. एवढाच फरक."

तेव्हापासून त्या नाव गेलेल्या माणसाला ते 'तो' म्हणायचे. शुक्रवारी माझ्या खोलीवर जेवायला आले की बोलण्यात 'तो' यायचाच. चित्र वाचावं कसं हे मला त्यांनीच शिकवलं. "हे लांबचं गाव बघ. पहिल्या बुडीनंतरच त्यानं ते पुन्हा मेणानं झाकलं, म्हणून रेघ पुसट, म्हणून ते लांबचं. हे पुढचं झाड पुन्हापुन्हा बुडवलं, म्हणून काळं आणि जवळचं." आभाळातल्या पक्ष्यांवर ते बोट ठेवत. "हे पक्षी नव्हेत. इथे मेण सुटलं आणि आम्लानं नको तिथे खाल्लं. दुसऱ्या कुणी पत्रा फेकून दिला असता. यानं डागांना पंख काढले." काठीवाल्या वाटसरूवर मात्र त्यांचा राग होता. छाप उलटा उठतो, पत्र्यावरचं उजवं कागदावर डावं होतं. काठी डाव्या हातात आलेली. "एवढा मोठा माणूस आणि हे विसरला! शिकाऊ पोरगंसुद्धा विसरणार नाही."

"लग्न झालेलं नसणार त्याचं," ते एकदा म्हणाले.

"कशावरून?"

"पानं बघ. एकेक पान सुटं काढलंय. घरी कुणी जेवायचं थांबलेलं असतं, तर निम्म्या झाडावरच उठला असता."

आणि समोरच्या ताटातला भात ते बराच वेळ कालवत राहिले.

मग एका वर्षी काकू निवृत्त झाल्या आणि काकांनी त्यांच्यासाठी तीन महिन्यांचा व्हिसा काढला. आम्हांला धक्काच बसला. आमच्या इमारतीत बायकांना मुभा नव्हती, म्हणून त्यांनी गावात एक छोटा फ्लॅट घेतला, गादी आणली, कुकर आणला, सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. काकू जेद्द्याच्या विमानतळावर उतरणार होत्या. आदल्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"उद्या तूही चल गाडीतून."

"मी कशाला? तुम्ही दोघं इतक्या दिवसांनी…"

"म्हणूनच. एवढा लांबचा रस्ता. दोघंच असलो तर बोलायचं काय?"

ते थट्टा करत नव्हते.

काकू ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, आवाजात शाळेची सवय असलेल्या बाई होत्या. विमानतळावर अंगावर चढवलेला आबायाचा काळा झगा त्यांना पायघोळ होत होता, तो एका हातानं उचलून त्या आमच्याकडे आल्या. काकांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "विमान वेळेवर आलं." काकू म्हणाल्या, "हो, आलं." परतीच्या वाटेवर डावीकडे समुद्र, उजवीकडे माळ, आणि सबंध वेळ बोललो मी. माझ्या आईच्या गुडघ्यांपासून उंटांच्या शर्यतींपर्यंत सगळे विषय संपले तेव्हा यान्बूचे दिवे दिसायला लागले होते.

चित्र आता फ्लॅटमध्ये आलं होतं. दोन दिवसांनी मी चहाला गेलो, तर काकांचं व्याख्यान चाललेलं. आम्ल, मेण, पक्षी, काठी. काकू वही तपासावी तसं लक्ष देऊन ऐकत होत्या. "आणि गडी अविवाहित असणार," काकांनी समारोप केला. त्यांनी पानांचं कारणही सांगितलं.

काकू थोड्या वेळानं म्हणाल्या, "झालेलं असेल हो लग्न. जेवण झाकून ठेवून झोपली असेल ती."

काकू उठून चित्राजवळ गेल्या. "तोंड कुणाचंच दिसत नाही यात."

"निसर्गचित्र आहे ते. माणसं अंतराच्या मापासाठी असतात."

"मापासाठी माणसं," काकू म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच काका भांडारात अर्थिंगसाठी आणलेल्या तांब्याच्या पत्र्याचा तुकडा शोधताना दिसले. तो त्यांनी रीतसर मागून घेतला, घासून आरशासारखा केला, मेणात डांबर आणि राळ मिसळून त्याच्यावर थर दिला. सुई काकूंच्या शिवणाच्या डबीतली. ते काकूंचं तोंड काढणार होते.

आयुष्यात त्यांनी पाइपांच्या आकृत्यांखेरीज काही काढलं नव्हतं. तरी रोज संध्याकाळी काकू खिडकीशी भाजी निवडत बसत आणि काका समोर स्टुलावर, मांडीवर पत्रा घेऊन. मला बोलावणं असायचंच. मी चहा करायचो आणि बघत बसायचो. काका काकूंकडे बघत, मग पत्र्याकडे, मग पुन्हा काकूंकडे. एखादा जोड तपासताना बघत तसे, डोळे बारीक करून.

"लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही इतकं बघितलं नव्हतं," काकू मला म्हणाल्या आणि शेंगेची शीर ओढली.

एकदा काकांची सुई थांबली. "भुवईत हा व्रण कसला?"

"नळापाशी घसरले होते. तोटी लागली."

"कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा इकडे आलात ना, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात."

"मला सांगितलं नाहीस."

"सुट्टीवर आलात तोवर भरला होता."

काकांनी सुईचं टोक सदऱ्याला पुसलं. मग त्यांनी तो व्रण काढला. इतक्या हलक्या हातानं की मेणावरून सुई गेल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आम्लाचं काम त्यांनी प्रयोगशाळेत केलं, हातमोजे, चष्मा सगळा जामानिमा करून. छापायचं यंत्र मात्र कुठून आणणार? आमच्या वर्कशॉपमध्ये पत्रे वाकवायचं रुळांचं यंत्र होतं. तिथला मुख्य कारागीर केरळचा होता. काकांनी त्याला चित्राचा फोटो दाखवून पटवलं. शुक्रवारी दुपारी वर्कशॉप बंद असताना आम्ही तिघं जमलो. काकांनी खाचांत शाई भरली, काकूंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पत्रा पुसला, त्यावर ओला कागद, वर घोंगडी. कारागिरानं रूळ फिरवले. पत्रा या बाजूनं गेला आणि त्या बाजूनं बाहेर आला. काकांनी कागदाचा कोपरा चिमटीत धरला आणि हळूहळू उचलला.

एक बाई खाली बघत शेंगा निवडत होती. कपाळाजवळ आम्लानं जरा जास्त खाल्लं होतं, तिथे केस काळेकुट्ट झाले होते. रेघा शिकाऊ होत्या, पण माणूस होतं ते. फक्त काकू नव्हत्या. मला काही केल्या ओळख पटेना.

"भाभीजी?" कारागिरानं विचारलं. काकांचा चेहरा पडला होता.

"उलटं झालं," ते म्हणाले. "सगळं उलटं. मी जसं दिसलं तसंच काढत गेलो. भांग तिकडे, तीळ तिकडे, व्रण तिकडे." दुसऱ्याच्या काठीसाठी इतकी वर्षं चिडलेला माणूस बायकोचं तोंड काढताना तेच विसरला होता.

फ्लॅटवर काकूंनी हात पुसले, चष्मा घातला आणि कागद उजेडाला धरला.

"जमलेलं नाही," काका म्हणाले.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "ही मीच की!"

"छे. सगळं उलटं झालंय. तू अशी दिसत नाहीस."

"तुम्हांला नसेन दिसत. मला रोज आरशात हीच दिसते." त्यांनी भांगावर बोट ठेवलं. "इकडेच भांग. इकडेच तीळ." मग व्रणावर बोट आणलं आणि तिथेच ठेवलं. काका त्यांच्या खांद्यावरून तो कागद पुन्हा बघायला लागले, जणू पहिल्यांदाच. मी गॅस बंद करून, चहा न घेताच निघालो. मला कुणी थांबवलं नाही.

तीन महिने संपले. जेद्द्याला सोडायला जाताना या खेपेला काकांनी मला बोलावलं नाही. काकूंनी स्वतःचा छाप नेलाच, पण ते इटालियन चित्रही नेलं. पुढच्या वर्षी काकांनी राजीनामा दिला. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "घरी जायचंय." खिडकीतल्या बरण्या त्यांनी रिकाम्या केल्या आणि राखणदाराला भेट दिल्या. म्हाताऱ्यानं त्या दोनदा धुऊन मग मसाले भरायला घेतल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, असं मला पूर्वी वाटायचं.

काही वर्षांनी, दोन हजार नऊच्या आसपास, मी जेद्द्याच्या एका कंपनीत होतो आणि कामासाठी दक्षिणेला जिझानला गेलो. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्याच्या धक्क्याची पाहणी होती. तिथल्या लोकांनी सांगितलं, "आमचा गंजाचा सल्लागार इंडियनच आहे, म्हातारा आहे." मी पत्र्याच्या खोलीचं दार ढकललं. आत काका. केस पांढरे झालेले, बाकी तेच.

"तुम्ही इथे?"

"ये, ये. चहा टाकतो."

भिंती मोकळ्या होत्या. चित्राचं मी विचारलं. ते पुण्यातच होतं, देवघराच्या बाहेर, आणि काकू आल्यागेल्याला आम्ल-मेणाची सगळी गोष्ट शिकवल्यासारखी सांगायच्या म्हणे. काका हसत होते. मला राहवलं नाही.

"काका, परत का आलात?"

त्यांनी उकळत्या पाण्यात चहापूड टाकली.

"भांडण झालं नाही काही," ते म्हणाले. "फार चांगली वागली ती माझ्याशी. तेच तर. मी स्वयंपाकघरात गेलो की ती खुर्चीवरून उठायची. मला विचारून भाजी करायची. मी झोपलो की रेडिओ बंद. एकदा मी सांगून बाहेर गेलो आणि छत्री न्यायला परत आलो, तर आत ती गात होती. गाणं म्हणजे काय, गुणगुणणंच ते. मी दारातच उभा राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला माहीत नव्हतं ती गाते. माझी चाहूल लागली आणि थांबली." त्यांनी गाळणं शोधलं. "पाहुणा होतो रे मी तिथे. आठ-दहा महिने राहिलेला पाहुणा. कुणाच्या घरी इतके दिवस राहावं माणसानं? हे काम आलं, तिला विचारलं. जा म्हणाली नाही, नको जाऊ म्हणाली नाही. बॅग भरून दिली."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. काकांनी घड्याळ पाहिलं, टेबलावरचा लॅपटॉप उघडला आणि काहीतरी जुळवलं. इंटरनेटवरून फोन लागतो हे मला माहीत होतं, काकांना जमत असेल असं वाटलं नव्हतं. "पुतण्यानं बसवून दिलंय," ते कुजबुजले. पडद्यावर पांढऱ्या फरश्यांची भिंत आणि अर्धं कपाट एवढंच दिसत होतं. माणूस नव्हतं. मग कुकरची शिट्टी झाली. तिकडे पुण्यात अंधार पडला होता, स्वयंपाक चालला होता.

"काकू!" मी हाक मारणार होतो. काकांनी माझा दंड धरला आणि मान हलवली.

"बोलायचं नाही," ते अगदी हळू म्हणाले. "तिला माहीत असतं चालू आहे ते. रोज ह्या वेळी ती लावून ठेवते. पण बोललो की काम टाकून समोर येऊन बसते, पदर नीट करून. मग काय, जेवलात का, पाणी आलं का. न बोललो तर तिचं तिचं चालू राहतं."

आम्ही दोघं चहाचे कप हातात धरून बसलो. फोडणी तडतडली. भांड्यावर भांडं ठेवलं गेलं. खाली रस्त्यावरून कुणीतरी हाक दिली, तिला काकूंनी खिडकीतून उत्तर दिलं. मग हळूहळू, पळी ढवळण्याच्या लयीत, गुणगुणणं सुरू झालं. सूर चांगला नव्हता, शब्द कळत नव्हते. काका मांडीवर कप टेकवून, कुठेच न बघता बसले होते.

मध्येच गुणगुणणं थांबलं. डबे सरकवल्याचे आवाज आले.

"मीठ कुठं ठेवलं बाई मी?" काकू स्वतःशीच म्हणाल्या.

"खिडकीत आहे," काका मला म्हणाले, ओठांतल्या ओठांत. "काल कपाट पुसलं ना, तेव्हा मिठाचा सट तिथे ठेवलाय. खिडकीच्या दगडावर टेकल्याचा आवाज आला होता."

"मग सांगा की त्यांना."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तिकडे एक डबा उघडला, लागला. दुसरा उघडला, लागला. काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते, श्वास धरल्यासारखे. पावलं खिडकीकडे गेली. दगडावरून काहीतरी उचललं गेलं.

"सापडलं," काका म्हणाले, आणि त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला.